पट्ट्याच्या पाच गाठी

सोमवार, ३० जून २०२५

रात्रीचे अकरा वाजून गेले. धाकटी आत्ता कुठे निजली. तीन वेळा उठून आली. पहिल्यांदा पाणी हवं म्हणून, दुसऱ्यांदा पोटात दुखतंय म्हणून. तिसऱ्यांदा काही बोललीच नाही, दारात नुसती उभी राहिली. मी वह्या तपासत होते. "प्रार्थना झाली ना? मग पड जा गुपचूप," म्हटलं. गेली बिचारी.

हे एसटीच्या कल्याणच्या गाडीवर आहेत. दोन महिने झाले या ड्युटीला. दुपारी साडेचारला नगरहून निघायचं, आळेफाटा, ओतूर, माळशेज घाट, मुरबाड करत रात्री कल्याण गाठायचं, तिथे मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी परत. उन्हाळ्यात घाटाचं काही वाटत नव्हतं. आता पाऊस लागलाय. घाटात धुकं उतरलं की पुढच्या गाडीचा लाल दिवासुद्धा दिसत नाही, असं हेच सांगतात.

साडेदहाला "पोचलो" म्हणून मेसेज आला. त्यानंतरच माझं वह्यांत लक्ष लागलं.

गुरुवार, ३ जुलै

आज जे कळलं ते नीट लिहून ठेवायचं आहे.

काल संध्याकाळी धाकटी खेळून दमून आली आणि जेवता जेवताच पेंगली. तिला तशीच उचलून अंथरुणावर ठेवली. आमची रात्रीची प्रार्थना आईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, खोलीत होते. 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातलं एक गीत म्हणायचं, थोरला पवित्र शास्त्रातला उतारा वाचतो, आई प्रार्थना करतात आणि मग प्रत्येकाने एक एक वाक्य बोलायचं. काल तिच्यावाचूनच झाली. तिचं वाक्य गेले दोन महिने ठरलेलं आहे: प्रभू, पप्पांची गाडी सांभाळ.

नेमकं काल घाटात दाट धुकं आलं. गाड्या एकामागे एक थांबल्या, फोनला रेंज नाही. यांचा मेसेज यायला रात्रीचा सव्वा वाजला. तोवर माझा जीव टांगणीला. सकाळी शेजारच्या काकूंना तेच सांगत होते, तेव्हा ही मागे दूध पीत बसली होती. पेला तसाच ठेवून उठली. शाळेतून डबा भरलेला परत आला. रात्री कपडे बदलायला बसवली तर गाऊनचा पट्टा सोडू देईना. मुठीत घट्ट धरलेला. हळूच बोटं उघडून पाहिलं, पट्ट्याला पाच गाठी. मऊ सुती पट्टा, ओढून ओढून गाठी इतक्या बारीक झालेल्या की नखानेसुद्धा सुटेनात.

"या कशाला गं मारल्यास?"

"आजी मारते ना पदराला, विसरू नये म्हणून."

"तुला काय विसरायचं नाहीये?"

मग एक एक गाठ दाखवत सांगायला लागली. ही पप्पा निघतात तेव्हाची. ही आळेफाट्याची. ही ओतूरची. ही घाटाची. ही मुरबाडची. कुठे किती वाजता गाडी येते ते तिने पप्पांना विचारून ठेवलं होतं. प्रत्येक ठिकाणाला एकेकदा प्रार्थना. आमच्याबरोबर म्हणायची ती वेगळी, ही तिची तिची, पांघरुणात. कल्याणची गाठ नाही, कारण कल्याणला पोचल्याचं तिला कळत नाही. त्यासाठी ती उठून दारात येते. माझ्या तोंडाकडे पाहते, मेसेज आला का ते बघायला.

आणि मग म्हणाली, "काल मी झोपले म्हणून पप्पांची गाडी अडकली ना?"

सात वर्षांचं पोर. मी तिला पोटाशी धरलं. नाही गं बाळा, नाही, एवढंच म्हणत राहिले. दुसरं काही सुचलं नाही.

शुक्रवार, ४ जुलै

दिवसभर तेच डोक्यात. दर रविवारी मी संडेस्कूलमध्ये मुलांना वचनं पाठ करून घेते. जूनच्या दुसऱ्या रविवारी पेत्राच्या पहिल्या पत्रातलं, पाचव्या अध्यायातलं सातवं वचन घेतलं होतं. आपली सगळी चिंता देवावर टाकावी, कारण त्याला आपली काळजी आहे, असा त्याचा अर्थ. धाकटीने ते एकही चूक न करता म्हणून दाखवलं. मी तिला पेन्सिल दिली. त्या पेन्सिलीनेच ती आता दुसरीचा गृहपाठ लिहिते. चिंता मात्र तिने कोणावरही टाकलेली नव्हती, ती रात्रभर पहाऱ्यावर बसत होती. आपली प्रार्थना चुकली तर वडील घाटात जातील, एवढं ओझं एका पोरीच्या पट्ट्याला बांधलेलं, आणि मी समजत होते की पोर किती भक्तिमान आहे.

शमुवेलाची गोष्ट मी वर्गात दर वर्षी सांगते. मंदिरात निजलेला लहानगा शमुवेल रात्री हाक ऐकून उठतो, धावत एलीकडे जातो. एली म्हणतो, मी नाही बोलावलं, जाऊन नीज. असं दोनदा होतं. तिसऱ्यांदा पोर आल्यावर एलीच्या ध्यानात येतं की याला परमेश्वरच हाक मारतोय. आजवर मी ही आज्ञाधारक मुलाची गोष्ट म्हणून सांगितली. आज मला तो म्हातारा एली दिसला, डोळे मंदावलेला, दोनदा पोराला परत पाठवणारा. सोमवारी मी तिन्ही वेळा परत पाठवलं. एलीला निदान तिसऱ्यांदा तरी कळलं. आणि कळल्यावर त्याने काय केलं? पोराच्या जागी स्वतः जाऊन निजला नाही. देवाला काय म्हणायचं ते त्याला सांगितलं आणि पुन्हा अंथरुणावर पाठवलं. आईबापांनी करायचं ते एवढंच असावं. पण त्याआधी पोर का उठतंय हे ओळखायला हवं.

पुष्कळ घरांत रात्रीची प्रार्थना म्हणजे मुलांना गप्प करायचा शेवटचा उपाय असतो. दात घासले, शू झाली, प्रार्थना झाली, आता डोळे मीट. माझ्या घरातही तेच होतं. देवाला काय सांगितलं हे मी तिला कधी विचारलंच नाही.

आणखी एक लिहायला हवं. ही पहारा द्यायला कोणाकडून शिकली? फोन उशाशी घेऊन "पोचलो"ची वाट बघत कोण पडतं?

रविवार, ६ जुलै

आषाढी. हे शुक्रवारपासून पंढरपूरच्या जादा गाड्यांवर. धाकटीने पहिलं विचारलं, "तिकडे घाट आहे?" करमाळा, टेंभुर्णी करत सरळ सपाट रस्ता, म्हटल्यावर चेहरा सैल झाला. तीन रात्री उठली नाही. मला मात्र त्याचा फारसा आनंद झाला नाही. घाट नाही म्हणून ती निश्चिंत होती. तिची चिंता अजून तिच्याजवळच होती, फक्त तिला सध्या काम नव्हतं.

दुपारी यांचा फोन आला. गाडीभर म्हाताऱ्या वारकरी बाया. एका आजींनी उतरताना यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, माउली, रात्रीची झोप मिळते का रं? हे सांगताना यांचा आवाज जड झाला. आमच्या ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांना आज वारकऱ्यांचं काही सांगावं लागलं नसतं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताजवळ पोचलो, असं ते सांगत. चर्चमध्ये टाळ-मृदंग घेऊन अभंग आणि ओव्या म्हणायची आमची सवय बरीचशी त्यांचीच देणगी.

रात्री मुलांना स्तोत्र १२१ वाचून दाखवलं. आठच वचनं आहेत. यरुशलेमच्या यात्रेला निघालेल्या माणसांची जी पंधरा स्तोत्रं आहेत, त्यांतलं हे दुसरं. डोंगर समोर दिसतोय, चढ आहे, पाय घसरायची भीती आहे, दिवसा ऊन आणि रात्री चंद्र. मूळ हिब्रूत राखण करणं या अर्थाचं एकच क्रियापद एवढ्याशा स्तोत्रात सहा वेळा येतं. आणि राखण करणारा डुलकीसुद्धा घेत नाही. ज्याने हे रचलं त्याला रात्रीचा प्रवास ठाऊक असणार.

धाकटी म्हणाली, "मग त्याचे डोळे दुखत नाहीत?"

मी काही बोलायच्या आत थोरला म्हणाला, "पण येशू तर नावेत झोपला होता. वादळात. उशी घेऊन."

खरंच आहे, मार्काच्या चौथ्या अध्यायात उशीसकट लिहिलंय. धाकटीचे डोळे मोठे झाले. आता हिला काय सांगावं? शास्त्र उघडून तो भाग वाचला. शिष्य घाबरले, त्याला हलवून उठवलं, आम्ही बुडतोय आणि तुम्हाला काळजी नाही का, असं तोंडावर विचारलं. तो उठला आणि आधी वादळाला दटावलं. तुम्हाला भीती का वाटली, हे शिष्यांना नंतर विचारलं. मी म्हटलं, "बघ, वाटेल तेव्हा त्याला उठवलं तरी चालतं. घाबरून, ओरडून उठवलं तरी चालतं. पण नाव सांभाळायला ते शिष्य उठले नाहीत, त्यांनी फक्त त्याला उठवलं."

तिने ऐकून घेतलं. पटलं की नाही, सांगता येत नाही. पट्टा मुठीत होताच.

मंगळवार, ८ जुलै

आज तिने तो प्रश्न विचारला, ज्याची मला धास्ती होती. आईंचे पाय चेपत बसली होती. "आजी, मी प्रार्थना केली आणि तरी पप्पांना काही झालं तर?"

"काही होत नाही हं," असं माझ्या ओठांवर आलंच होतं. आईंनी हात वर करून मला थांबवलं.

आई सहसा जुनं बोलत नाहीत. आज बोलल्या. बहात्तरच्या दुष्काळात त्या सतरा वर्षांच्या. आपल्या आईबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायच्या. हातोडीने हाताला फोड यायचे, खायला सुकडी. रात्री झोपडीत त्यांची आई हातोडी खाटेखाली सरकवायची आणि प्रार्थनेत म्हणायची, आज एवढी फोडली, उद्याची उद्या, रातच्याला तू बघ. मग लगेच झोपायची. "मी जागी राहायची. मला वाटायचं, ही झोपते कशी?" आई म्हणाल्या.

मग यांच्या पाठच्या भावाचं सांगितलं. चार वर्षांचा होता, तापाने गेला. तीन रात्री आई गुडघ्यांवर होत्या. "मागितलं ते मिळालं नाही. मी फार भांडले देवाशी. चर्चला जायचं सोडलं. पण खोलीत माझ्यासंगं कुणीतरी बसलंय, असं मला त्या रात्रीही वाटत होतं, नंतरही वाटलं. म्हणून पुन्हा बोलायला लागले. तुझ्या प्रार्थनेवर पप्पांची गाडी चालत नाही बाळा. गाडी पप्पा चालवतात. पप्पांना देव बघतो. तू आजीचे पाय चेप."

धाकटी बराच वेळ पाय चेपत होती. मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

मुलांना खोटं वचन देऊ नये, हे मला आज पुरतं कळलं. काही होणार नाही, असं देवाच्या नावाने आपण सांगतो, आणि एखाद्या दिवशी काही झालंच, तर मुलाच्या हातून वडीलही जातात आणि देवही. आईंनी तिला जे दिलं ते कमी गोड आहे, पण ते मोडणार नाही.

शनिवार, १२ जुलै

हे काल पंढरपूरहून परत आले. रात्री मी सगळं सांगितलं. गाठींचं ऐकून कितीतरी वेळ गप्प होते. सकाळी अर्धी शाळा सुटल्यावर धाकटीला स्कूटरवर बसवून आगारात घेऊन गेले. मीही गेले.

वाटेत माळीवाड्याला तिला सांगितलं, एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला आपल्याच गावातून पुण्याला सुटली. तिला ते फार आवडलं. मग आगारात तिने गाडी खालून वरून पाहिली. एक मिस्त्री लोखंडी सळई घेऊन प्रत्येक चाकावर ठोकत होता. हवा बरोबर असलेल्या टायरचा आवाज टणक येतो, कमी असली की बद्द येतो. तिने स्वतः ठोकून पाहिलं. सहाच्या सहा चाकं. मग यांनी तिला स्टिअरिंगमागे बसवून हवेच्या ब्रेकचा काटा दाखवला. टाकीत पुरेशी हवा भरून काटा वर आल्याशिवाय ते गाडी जागची हलवत नाहीत. गाडीत काही कमीजास्त वाटलं तर परतल्यावर लिहून द्यायचं, आगारात ते काम बघतात.

"आणि धुकं आलं की?" तिने विचारलं.

"रस्त्याची पांढरी पट्टी दिसेनाशी झाली की मी जागा बघून थांबतो. सगळेच थांबतात. त्या दिवशी तसंच थांबलो होतो."

"म्हणून उशीर झाला?"

"म्हणून उशीर झाला."

ती काट्याकडे बघत बसली. ज्या उशिराने तिने स्वतःला दोषी धरलं होतं, तो उशीर म्हणजे तिचे वडील शहाणपणाने थांबले होते. हे तिला दहा दिवस आधी कोणीतरी सांगायला हवं होतं. मुलांच्या चिंतेत निम्मी चिंता माहिती नसल्याची असते. ती देवावर टाकायच्या आधी आपण सांगायची असते, चाक ठोकून दाखवायचं असतं.

रविवार, १३ जुलै

संडेस्कूलमध्ये आज वचन पाठ करून घेतलं नाही. रात्री अंथरुणात काय आठवतं, एवढंच विचारलं. आधी कोणी बोलेना. मग एक म्हणाली, आईबाबा भांडतात. एकाला विहिरीची भीती. चौथीतल्या एका मुलाने सांगितलं, मोठा मुलगा रोज त्याचा डबा हिसकावतो. तो दोन महिने प्रार्थना करतोय की त्या मुलाने शाळा बदलावी. घरी कोणाला सांगितलं नाही. का, तर संडेस्कूलमध्ये बाईंनी सांगितलंय, चिंता देवाला सांगायची.

बाई म्हणजे मी.

उपासना सुटल्यावर फाटकाशी त्याच्या आईला गाठलं. ती उद्या शाळेत जाणार आहे. पुढच्या रविवारी मुलांना हे आधी सांगणार आहे की देवाला सांगितलेली गोष्ट आईलाही सांगायची असते. कोणी त्रास देत असेल, अंगाला हात लावत असेल, मारत असेल, तर ती चिंता मोठ्या माणसाच्या कानावर त्याच दिवशी गेली पाहिजे. देवाने ऐकल्यावर तो बहुधा कोणाला तरी पाठवतो, आणि ते कोणी आपणच असतो.

बुधवार, १६ जुलै

हे आज पुन्हा कल्याणच्या गाडीवर. सकाळपासून आभाळ भरलेलं. आळेफाट्याला गाडी थांबली तेव्हा यांनी फोन केला, धाकटीशीच बोलले.

रात्री प्रार्थनेत तिची पाळी आली. नेहमीचं वाक्य म्हणाली नाही. "प्रभू, मला घाटाचा राग येतो. तो तिथे कशाला केलास? धुक्याचापण राग येतो. मला भीती वाटते." थोरल्याने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मी त्याला नको म्हणून खुणावलं. दाविदाचं तेरावं स्तोत्र कुठवर, कुठवर, असं चार वेळा देवाला विचारत सुरू होतं. दीडशे स्तोत्रांत कितीतरी अशीच कुरकुरीची, रडण्याची आहेत. ज्यांनी ती शास्त्रात ठेवली त्यांनी मुलांच्या तोंडची ही भाषा ओळखली होती. सगळं बोलून झाल्यावर तिने घाट, धुकं, पप्पा, गाडीची सहा चाकं, सगळ्यांची नावं घेतली आणि म्हणाली, "हे तुझ्याकडे. मी आता झोपते. आमेन."

आईंनी तिच्या गाऊनचा पट्टा मांडीवर घेतला. सुईच्या टोकाने एक एक गाठ सोडवली. वीस मिनिटं लागली. शेवटची, घाटाची, काही केल्या सुटेना. धाकटी म्हणाली, राहू दे आजी. राहू दिली.

फोन आज उशाशी घेतला नाही. स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवला. अंथरुणावर पडल्यावर दोनदा उठावंसं वाटलं. ओठांतल्या ओठांत मीही घाटाचं नाव घेतलं, धुक्याचं घेतलं, यांचं घेतलं.

धाकटी एकदा उठली, साडेदहाच्या सुमारास. पाणी प्यायली आणि जाऊन झोपली. यांचा मेसेज दहा बावन्नला आलेला. मी तो सकाळी साडेपाचला, दूध तापत ठेवल्यावर पाहिला.